क्लाउनफिश आणताय? टाकीत राज्य कोणाचं, ते आधी समजून घ्या

'फाइंडिंग निमो' हा सिनेमा २००३ साली आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश जगभर लाडका झाला. सिनेमात निमोची आई मरते आणि बाप त्याला वाढवतो. खऱ्या समुद्रात आई गेल्यावर बापच मादी झाला असता.

क्लाउनफिशमध्ये जन्मतः कुणीच मादी नसतं. टोळीतला सगळ्यात मोठा मासा मादी, दुसऱ्या नंबरचा नर आणि बाकीचे लहान, गप्प. मादी गेली की नर मादी होतो आणि खालचा एक वर सरकतो. खालचे मासे तर स्वतःची वाढच रोखून धरतात, कारण वरच्याच्या बरोबरीला आलं की हकालपट्टी ठरलेली. घरच्या टाकीतल्या मारामाऱ्या याच हिशेबातून होतात. फरक इतकाच, की काचेच्या टाकीत हरलेल्याला पळायला जागा नसते.

म्हणून घ्यायचे तर दोनच, लहान वयाचे, एकाच जातीचे, एक थोडा मोठा आणि एक छोटा. दोघं एकाच वेळी सोडा. 'दोन्ही मोठे घ्या, छान दिसतील' या सल्ल्यात धोका आहे, दोन्ही माद्या निघाल्या तर एकीचा जीव जातो. नवख्यांसाठी ऑसेलारिस जात बरी. गडद लाल 'मरून क्लाउन' देखणा असतो, पण त्याची मादी मोठी आणि भयंकर तापट. दुकानात मासा खाताना पाहूनच घ्या.

बिडकीनसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात पाणीही घरीच बनवावं लागतं. आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ घालायचं, स्वयंपाकाचं नव्हे. मासे आणण्याआधी टाकी काही आठवडे चालवून स्थिरावू द्यावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवणं हीच खरी परीक्षा. शिवाय पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची तूट साध्या आरओच्या पाण्याने भरायची.

सुरुवातीचे काही दिवस पाठलाग होणारच. छोटा मासा अंग तिरकं करून थरथरतो, तेव्हा घाबरू नका. तो आजारी नाही, 'तूच मोठा' असं कबूल करतोय. मात्र त्याचे पर फाटले, तो कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात लपला किंवा खाणं सोडलं, तर हात घाला. मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला छिद्रांच्या पारदर्शक डब्यात चार-पाच दिवस टाकीतच अडकवा आणि दगडांची मांडणी बदला. त्यानंतरही भांडण थांबलं नाही, तर जोडीदार बदलावा लागतो. जोडी जमून अंडी घातल्यावर ती तुमच्या हातालाही चावेल, हे गृहीत धरा.

समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हॅचरीत जन्मलेला मासा टाकीत लवकर रुळतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानची अशी हॅचरी आहे, तिथे क्लाउनफिशची पैदास होते. दुकानदाराला मासा कुठला, हे जरूर विचारा. आणि तो सजावटीला समुद्रातलं जिवंत प्रवाळ देऊ लागला, तर नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.