हार्मोनोग्राफ

लंबकांच्या झोक्यावर चालणारे रेखाटनयंत्र. त्याला मोटर नसते की दातेरी चाके नसतात. जड वजनांचे दोन किंवा तीन लंबक टेबलाखाली लोंबत असतात आणि त्यांचे दांडे टेबलाच्या भोकांतून वर आलेले असतात. साध्या रचनेत एका दांड्याला लेखणी जोडतात, दुसऱ्यावर कागदाची फळी बसवतात. लंबकांना हाताने झोका द्यायचा, लेखणी टेकवायची आणि बाजूला व्हायचे. पुढचे चित्र गुरुत्वाकर्षण आणि घर्षण काढतात.

मुळात हे उपकरण कलेसाठी नव्हतेच. दोन दिशांची आंदोलने एकत्र आली की कोणते वक्र उमटतात, याचा अभ्यास अमेरिकेत नॅथॅनियल बौडिच यांनी १८१५ मध्ये केला. ग्लासगोचे गणिताचे प्राध्यापक ह्यू ब्लॅकबर्न यांचा दोऱ्यांच्या बेचक्यात टांगलेला लंबक १८४४ चा. पॅरिसमध्ये झ्यूल लिसाझू यांनी नादकाट्यांवर आरसे चिकटवून तेच वक्र प्रकाशाने भिंतीवर पाडले. १८७० नंतरच्या दशकात लंडनचे उपकरणकार टिस्ली यांनी विक्रीसाठी हार्मोनोग्राफ बनवला आणि तो इंग्रजांच्या दिवाणखान्यात शिरला. मेजवानीनंतर पाहुण्यांसमोर चित्रे काढणे हा तेव्हाचा शिष्टसंमत करमणुकीचा प्रकार होता.

लंबकाचा आंदोलनकाल त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १ मीटरच्या लंबकाला जाऊन-येऊन सुमारे २ सेकंद लागतात. तेच १ सेकंदात हवे असेल तर लांबी २५ सेंमी. करावी लागते. प्रत्यक्षात दांडा कापत नाहीत, वजन वरखाली सरकवतात. वारंवारतेचे गुणोत्तर २:१ आले की षड्ज आणि तार षड्जाचे नाते जुळते, ३:२ ला षड्ज-पंचमाचे, ४:३ ला षड्ज-मध्यमाचे. यंत्राचे नाव या स्वरसंवादावरूनच आले. मात्र अगदी काटेकोर गुणोत्तराची आकृती नीटनेटकी असली तरी जरा निर्जीव वाटते. वजन केसभर हलवले की आकृती प्रत्येक फेऱ्यात थोडी वळत जाते आणि रेषांना खोली येते. तंबोऱ्यांची जोडी लावताना दोन षड्जांमधली जी थरथर गवई काढून टाकतो, तीच इथे मुद्दाम राखली जाते.

गुणोत्तर काटेकोर असते आणि घर्षण नसते, तर लेखणी त्याच त्या रेषेवरून फिरत राहिली असती आणि शेवटी कागद फाटला असता. झोका हळूहळू मंदावण्यामुळे (अवमंदनामुळे) प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या किंचित आत पडतो. बाहेरच्या रेषा विरळ आणि आतल्या दाट होत जातात. म्हणजे अभियंता जे टाळू पाहतो, त्यावरच हे चित्र उभे आहे.

खरी कसोटी लेखणीची. तिने दाब दिला तर लंबक लवकर थांबतात. हलकी पडली तर रेषा तुटते. पूर्वी काचेची नळी तापवून ओढलेल्या टोकाच्या लेखण्या वापरत. काही जण काजळी धरलेल्या काचेवर सुईने कोरत. फेऱ्याच्या टोकाशी लेखणीचा वेग मंदावतो, तिथे शाई जास्त उतरते आणि वळणावळणाला गडद ठिपके दिसतात. टेबल डगमगले तर तेही रेषेत दिसते. लेखणी कधी उचलायची, एवढा एकच निर्णय झोका दिल्यानंतर माणसाच्या हाती उरतो, आणि तो उशिरा घेतला की मध्यभागी डाग पडतो.

चित्रकारांपैकी माक्स एर्न्स्ट यांनी भोक पाडलेला रंगाचा डबा दोरीला टांगून कॅनव्हासवर झुलवला. ‘अयूक्लिडीय माशीच्या उड्डाणाने कुतूहल चाळवलेला तरुण’ (१९४२–४७) या चित्रात त्या रेषा स्पष्ट दिसतात, मात्र त्यांच्यावर एर्न्स्ट यांनी नंतर स्वतःचा हातही फिरवला आहे. इव्हान मॉस्कोविच यांचा हार्मोनोग्राफ १९६८ मध्ये लंडनच्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ प्रदर्शनात संगणकचित्रांच्या सोबतीने मांडला गेला. आज तेच वक्र चार अवमंदित ज्यावक्रांची बेरीज करून पडद्यावर क्षणात काढता येतात. शाईचे ठिपके आणि टेबलाचा हादरा तेवढा वेगळा घालावा लागतो.