पाहुणी चालेल, सभासद नको

स्कॉटलंडमधला म्युरफील्डचा गोल्फ क्लब. याच मंडळींनी १७४४ साली एडिंबराजवळ लीथच्या मैदानासाठी खेळाचे १३ नियम लिहिले. गोल्फचे ठाऊक असलेले सगळ्यात जुने नियम हेच. क्लब खासगी, पण बाहेरच्यांना दार अगदीच बंद नव्हतं. कुणा सभासदाचे पाहुणे म्हणून जा, नाहीतर आधी नाव नोंदवा, पैसे भरा आणि मंगळवारी किंवा गुरुवारी खेळा. जेवायला बसताना मात्र कोट-टाय हवाच!

बायकाही याच वाटेने आत जायच्या, खेळायच्या. फक्त सभासद व्हायचं नाही. म्हणजे मैदानावर चालता, पैसेही चालतात, पण मत द्यायला नको.

मे २०१६ मध्ये क्लबात मतदान झालं. ६४ टक्के सभासद म्हणाले, बायकांना घ्या. पण लागत होती दोन तृतीयांश मतं, त्यामुळे ठराव पडला. त्याच दिवशी 'द ओपन' भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेने कळवलं, मग आमची स्पर्धा तुमच्याकडे होणार नाही. झालं! पावणेतीनशे वर्षांची परंपरा दहा महिन्यांत नरमली. मार्च २०१७ मध्ये ८० टक्के मतं बाजूने पडली. तरी पहिल्या १२ बायका सभासद व्हायला २०१९ उजाडलं.