पोरांचा किल्ला

कापूरहोळच्या फाट्यावर उभे राहिलात, तर पूर्वेला पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड, पश्चिमेला डोंगरांच्या रांगांपलीकडे राजगड आणि तोरणा. संभाजीराजे पुरंदरावर जन्मले ते १६५७ साली. त्यांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे या ह्याच कापूरहोळच्या. तेव्हा इथल्या पोरांना किल्ला ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हे.

सहामाही परीक्षा संपली, की अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटांचा ढीग पडतो. त्यावर भिजवलेले गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप. हळीव पेरले, की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, पण त्याला इलाज नाही! शहरांत आता प्लास्टरचे तयार किल्ले विकत मिळतात. मला ते आवडत नाहीत. तयार किल्ल्यात पोराला ठरवायला काही उरतच नाही.

शिक्षकमित्रहो, आपण एक करून पाहा. यंदा पोरांना नुसता 'एक किल्ला' करायला सांगू नका, पुरंदर करायला सांगा. शेजारी थोडा ठेंगणा वज्रगड, मध्ये भैरवखिंड. मग वज्रगडाच्या टोकाशी डोळा नेऊन पुरंदराची माची बघायला लावा. १६६५ साली काय घडले ते पोरांना सांगावे लागणार नाही, दिसेल. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी महाप्रयासाने तोफा वर चढवल्या आणि एप्रिलात आधी वज्रगड घेतला. तो पडला, तशी पुरंदराची माची शत्रूच्या माऱ्याखाली आली. मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले, आणि जूनमधल्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. एवढे सगळे त्या लहानशा खिंडीत आहे.

पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात नेमके हेच बजावले. गडाजवळ दुसरा डोंगर नसावा. असला, तर सुरुंगाने फोडावा, ते न जमले तर तोही बांधून बळकट करावा. हा धडा कुणी वाचून पाठ करील, तर कुणी चिखलात हात घालून शिकेल. दुसऱ्याच्या ध्यानात तो अधिक राहील, असे माझे मत आहे.

आज्ञापत्रात आणखी एक गोष्ट आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. म्हणून पोरांनी करवंटीचे तळे बसवण्यापूर्वी गडाच्या माथ्यावर तांब्याभर पाणी ओतू द्या. ते कुठून वाहते, कुठे साठते, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. एक-दोन बुरूज ढासळतील, ढासळू देत. मात्र हे सारे माती ओली आहे तोवरच. एकदा हळीव उगवले, की पोरे कुणाला किल्ल्याला हात लावू देत नाहीत.