टर्बो गाडीत हवेच्या तापमानाचा सेन्सर पक्का का बसवावा लागतो?

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. टर्बो हीच हवा दाबतो, त्यामुळे ती आणखी तापते. मग इंटरकूलर तिला थंड करतो. इंजिनात शिरणारी हवा किती गरम आहे, हे सेन्सर ईसीयूला कळवतो.

कुठे बसवतात? इंटरकूलरनंतरच्या पाइपवर.

कसा बसवतात? पाइप गाडीतून काढूनच भोक पाडतात, म्हणजे धातूचा कीस इंजिनात जात नाही. ॲल्युमिनियमच्या पाइपवर आट्यांचा बुश वेल्ड करून त्यात सेन्सर आवळतात. मात्र जास्त आवळल्यास आटे जातात.

नुसतं रबरी ग्रोमेट चालेल? नाही. टर्बोच्या दाबाने सेन्सर उडू शकतो. मग हवा गळते, गाडीची ओढ कमी होते आणि डिझेल गाडी काळा धूर सोडू लागते.