ब्याण्णव क्रमांकाचे घर

चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे मत आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. उदाहरणे मात्र तीच. झाड नाहीतर घोडा. याहून बोलके उदाहरण जपानी संगणकांच्या इतिहासात आहे.

जपानी विंडोजवर 'सी' भाषेतला जुना प्रोग्राम उघडला, की उलट्या तिरप्या रेघेच्या जागी येन या चलनाचे चिन्ह दिसते. नवी ओळ सुरू करण्याची खूणही येनने लिहिलेली! प्रोग्राम बिनचूक चालतो, बिघडते ते केवळ दर्शन.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. 1963च्या अमेरिकी 'ॲस्की' संकेतात 92 हा क्रमांक उलट्या रेघेला मिळाला. 1969च्या जपानी मानकाने तोच क्रमांक येनला दिला. यात अविचार नव्हता. त्या रेघेला तेव्हा असे महत्त्वाचे काम तरी काय होते? 'सी' भाषा आकाराला आली 1972च्या सुमारास, आणि फोल्डरांचा मार्ग दाखवायला डॉसने ही रेघ वापरली 1983मध्ये. घर येनला देऊन झाले होते. रेघेची प्रतिष्ठा मागाहून वाढली.

खरा उपद्रव कांजी लिपीला झाला. शिफ्ट-जिस संकेतात एक कांजी अक्षर दोन क्रमांकांनी बनते. 'पृष्ठभाग' किंवा 'तक्ता' या अर्थाचे एक नित्याचे अक्षर आहे. त्याचा दुसरा क्रमांक नेमका 92. जपानीशी अपरिचित कंपायलर त्या अर्ध्या अक्षराला रेघ समजून गिळून टाकी आणि पुढचा मजकूर विस्कटे. अशा अक्षरांना जपानी प्रोग्रामर 'दामे-मोजी', म्हणजे निकामी अक्षरे, म्हणू लागले. दोष अक्षरांचा नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

1991मध्ये युनिकोडने रेघेला 92 आणि येनला 165 असे स्वतंत्र क्रमांक दिले. तरीही 'एमएस गॉथिक'सारखे जपानी फाँट 92ला येनच काढत राहिले. कारण जुन्या दस्तऐवजांत 92 कुठे किंमत सांगत होता, कुठे फाईलचा मार्ग. चित्र 'सुधारले' असते, तर दरपत्रकांतल्या रकमांपुढचे चलनच नाहीसे झाले असते. लिहिणाऱ्याचा हेतू यंत्राला कसा कळणार? (युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले आमचे मराठी लेख दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा ढिगारा होऊन उघडत, तेव्हाही क्रमांक शाबूतच असत.)

त्यामुळे अशा फाँटांत 92 आणि 165 हे दोन्ही क्रमांक पडद्यावर येनच्याच रूपात उमटतात. इथे किंमत वाचायची की वाट, हे जपानी वाचक शेजारच्या अक्षरांवरून ठरवतो.