जुनी मोटर आणि तिचे पुस्तक

काही वर्षांपूर्वी पालघरमधील एका शिक्षकमित्राने आम्हाला एक काम सांगितले. त्याच्या विद्यार्थ्यांनी मुंबईच्या भंगार बाजारातून एक जुनी आउटबोर्ड मोटर मिळवली होती. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आणि काम झाले की उचलून घरी न्यायची, अशी ही मोटर. झाकणावर ‘जॉन्सन’ हे नाव अर्धवट दिसत होते आणि शेजारी १० हा आकडा होता. मुलांना ती दुरुस्त करून सातपाटीच्या खाडीत चालवायची होती. ‘तुम्ही वाचणारे लोक, हिचे दुरुस्तीचे पुस्तक शोधून द्या,’ एवढेच मित्राचे म्हणणे.

आम्ही पुस्तक शोधले. जॉन्सन, दहा अश्वशक्ती, सगळे जुळत होते. त्यात सांगितल्याप्रमाणे पेट्रोल आणि तेलाचे मिश्रण ५० : १ या प्रमाणात करवले. मोटर चौथ्या झटक्याला सुरू झाली आणि सुमारे वीस मिनिटे छान चालली. मग आवाज जड झाला, वेग मंदावला आणि मुरब्याच्या बाजूला ती बंद पडली. दोरी ओढून फ्लायव्हील हलेना. ओहोटी लागली होती. होडीत दोन मुले आणि एक म्हातारे तांडेल होते. तांडेलांनी वल्हे सोबत घेतले होते म्हणून सगळे चिखलात अडकण्यापूर्वी धक्क्याला आले. मोटर उघडली तेव्हा क्रँकशाफ्टचे बुश कोरडे पडून काळेनिळे झाले होते आणि शाफ्टवर चरे उठले होते. चूक मुलांची नव्हती, मोटरीचीही नव्हती. आम्ही पुस्तक चुकीचे निवडले होते.

नाव बरोबर, शक्ती बरोबर, तरी पुस्तक चुकीचे कसे? याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे.

होडीच्या बाहेर मोटर लावण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये विजेवर चालणारी अशी मोटर सेन नदीत चालवून दाखवली होती. पण घरोघर पोचली ती पेट्रोलची मोटर, आणि तिचे श्रेय बहुधा ओले एव्हिनरूड यांना दिले जाते. नॉर्वेत जन्मलेला हा कारागीर अमेरिकेतील मिलवॉकी शहरात काम करत असे. सरोवरातून होडी वल्हवत आणलेले आइस्क्रीम वाटेत वितळले म्हणून त्याला मोटर सुचली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती वाचकांनी गोष्ट म्हणूनच घ्यावी. त्याची १९०९ मध्ये विक्रीस आलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि सुमारे २८ किलो वजनाची होती. जाहिराती आणि पत्रव्यवहार त्याची पत्नी बेस सांभाळत असे. पुढे जॉन्सन बंधूंनी इंडियाना राज्यात स्पर्धा सुरू केली. १९३६ पर्यंत एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे ‘आउटबोर्ड मरीन’ या एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. पुढच्या दशकांत या दोन नावांच्या अनेक मोटरी आतून जवळजवळ सारख्याच असत; फरक रंगाचा आणि झाकणाचा. म्हणजे जॉन्सनच्या मोटरीला एव्हिनरूडचे पुस्तक चालू शकते. याउलट जॉन्सनच्याच मोटरीला जॉन्सनचे पुस्तक मुळीच चालत नाही, असेही घडते. आमचे तसेच झाले.

अशा जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच क्रँकशाफ्टला आणि पिस्टनला भिजवते. जुन्या मोटरींत शाफ्ट ब्राँझच्या साध्या बुशमध्ये फिरत असे. तेथे धातू धातूवर सरकतो, मध्ये तेलाचा पातळ थर टिकवावा लागतो, म्हणून तेल भरपूर हवे. नंतर सुयांसारख्या बारीक रोलरची बेअरिंगे आली. रोलर सरकत नाही, गडगडतो; घर्षण कमी होते आणि थोडे तेल पुरते. आउटबोर्ड मरीनने १९६४ च्या सुमारास बहुतेक मोटरींसाठी २४ : १ हे प्रमाण बदलून ५० : १ केले ते याच जोरावर. पाच लिटर पेट्रोलात पहिल्या हिशेबाने सुमारे २०८ मिलिलिटर तेल पडते, दुसऱ्याने फक्त १०० मिलिलिटर. आमची मोटर १९५० च्या दशकातली होती आणि पुस्तक १९७० नंतरच्या मोटरींचे. इंग्लंडची ‘ब्रिटिश सीगल’ तर जुन्या काळी १० : १ मागत असे. धूर इतका, की किनाऱ्यावरूनही ती ओळखू यावी.

कंपनीचे स्वतःचे पुस्तकही शेवटचा शब्द नसते, हे जाता जाता सांगायला हवे. १९८० च्या दशकाच्या मध्यात याच कंपनीने १०० : १ पर्यंत मजल मारली आणि काही वर्षांत मुकाट्याने ५० : १ वर परत आली. त्या मधल्या काळातले पुस्तक हाती पडले तर नंतरच्या सूचनेशी ताडून पाहणे शहाणपणाचे.

मग मोटरीचे वय ओळखायचे कसे? झाकणावर विश्वास ठेवू नये. झाकण बदललेले असू शकते. फळीला पकडणाऱ्या शिकंज्यावर बहुधा एक पत्री असते, तिच्यावरचे मॉडेल आणि क्रमांक वाचावेत. १९८० पासूनच्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये वर्ष एका सोप्या सांकेतिक लिपीत लिहिलेले असे. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे घ्या. पहिल्या अक्षराला १, दुसऱ्याला २ असे करत दहाव्याला शून्य द्या. मॉडेलच्या शेवटच्या भागात ‘सी’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर सी म्हणजे ८, आर म्हणजे ४, मोटर १९८४ ची. सातवीआठवीच्या मुलांना हा खेळ आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

पत्री गंजून गेली असेल तर यंत्रच साक्ष देते. आमच्या मोटरीकडे जाणारी पेट्रोलची नळी जोडनळी होती. एका नळीतून इंजिन टाकीत हवेचा दाब पाठवते आणि दुसरीतून पेट्रोल चढते. १९६० च्या सुमारास या मोटरींवर पेट्रोलचा पंप आला आणि नळी एकेरी झाली. आमच्या पुस्तकातील चित्रात पंप होता, मोटरीवर तो नव्हता. मुलांनी ते आम्हाला विचारलेही होते. कोणीतरी काढून टाकला असेल, असे उत्तर आम्ही दिले. आजही ते आठवले की ओशाळायला होते.

पुस्तकांतही जाती आहेत. मालकाला मोटरीबरोबर मिळणारी पुस्तिका मिश्रण आणि प्लग एवढेच सांगते. कंपनीची कार्यशाळा पुस्तिका त्या एका वर्षाच्या मॉडेलबद्दल प्रत्येक माप देते. क्लायमर किंवा सेलॉक यांसारख्या प्रकाशकांचे जाड ग्रंथ अनेक वर्षांच्या मोटरी एकत्र घेतात. ते स्वस्त आणि समजायला सोपे, पण तळटीप नजरेतून निसटली की घात. या सर्वांपेक्षा आम्हाला सुट्या भागांची यादी अधिक उपयोगी वाटली. तिच्यात प्रत्येक वॉशर सुटा काढून दाखवलेला असतो आणि बुश की रोलर, हे चित्रातच कळते. आज तर या कागदांवरच भिस्त आहे. सीगलचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, आउटबोर्ड मरीनचे दिवाळे २००० च्या डिसेंबरात निघाले आणि एव्हिनरूड मोटरी तयार होणे २०२० मध्ये बंद झाले.

सातपाटीत अशा मोटरींची परंपरा मोठी नाही, त्यालाही कारण आहे. मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत ‘सातपाटी’ हे होडीच्या एका प्रकाराचेच नाव आहे. पापलेटसाठी लांब जाणाऱ्या या मोठ्या होड्यांत शिडाच्या जागी आले ते पोटात बसवलेले डिझेल इंजिन. टू-स्ट्रोक मोटरीत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. असा खर्च दूरच्या फेरीला परवडत नाही. केरळच्या लाटा फुटणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर मात्र होडी वाळूवर ओढावी लागते. तेथे उचलून नेता येणारी मोटर १९८० नंतर झपाट्याने पसरली.

आणखी एक गोष्ट कोणत्याच जुन्या पुस्तकात सापडणार नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि दमट हवेतले पाणी ओढून घेते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, तेल मात्र वर पेट्रोलातच राहते. इंजिन तळातून ओढते, म्हणजे वंगणाशिवाय चालते. शिक्षकांनी हे मोजपात्रात दाखवावे. ९० मिलिलिटर पेट्रोलात १० मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि स्थिर ठेवले, की खालचा थर दहाऐवजी पंचवीसच्या आसपास भरतो. प्रयोग मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर आणि शिक्षकाने स्वतःच करावा.

मुलांनी पुढे योग्य सालाची भागांची यादी मिळवली. बुश बाजारात नव्हतेच. बोईसरच्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी शाफ्ट घासून गुळगुळीत केला, नव्याने मोजला आणि त्या मापाचे ब्राँझचे बुश कातून दिले. शाफ्ट आता मूळ मापापेक्षा थोडा बारीक झाला आहे. ते नवे माप मुलांनी यादीच्या समासात पेन्सिलीने, तारखेसह लिहून ठेवले आहे.