प्रस्तावना : टायमरने पल्स मोजताना

घरातल्या विजेच्या मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो. बऱ्याच मीटरवर त्याच्याजवळ 3200 हा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च झाली की तो दिवा 3200 वेळा लागतो. त्यावर बाहेरून फोटोट्रान्झिस्टर चिकटवला की मीटर न उघडता घराचा वीजवापर पल्सच्या रूपात आपल्या हाती येतो. आता घरात एकूण एक किलोवॅट भार चालू आहे असे धरू. दोन पल्समध्ये 1.125 सेकंदाचे अंतर पडेल. मिनिटभर पल्स मोजले तर ते 53 भरतील किंवा 54, आणि त्या एकाच्या फरकाने उत्तर जवळजवळ दोन टक्क्यांनी हलेल. तेच दोन पल्समधले अंतर अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या ठोक्यांनी मोजले तर साडेबावीस लाख ठोके मिळतात, आणि मिनिटभर थांबावेही लागत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने पहिल्याच दिवशी हा हिशेब स्वतः करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. टायमर कोणता, रजिस्टर कोणते, हे सगळे नंतरचे. आधी ठरवायचे ते हे की बाहेरून येणारे पल्स मोजायचे, की ते येईपर्यंत आपल्या क्लॉकचे ठोके मोजायचे. क्लॉक 2 मेगाहर्ट्झचे आणि मोजणीचा अवधी एक सेकंदाचा असेल तर साधारण 1414 हर्ट्झला दोन्ही पद्धतींची चूक सारखी होते. त्याखाली अंतर मोजावे, त्यावर पल्स मोजावेत. 1414 हे 20 लाखांचे वर्गमूळ आहे. ते का, हे वाचकाने कागदावर मांडून बघावे.

पल्स मोजण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची निकड प्रथम अणुभौतिकीत जाणवली. रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळून उमटणाऱ्या ठिणग्या माणसे अंधारात बसून मोजत. पुढे केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ विन-विल्यम्स यांनी थायराट्रॉन या वायुभरित नळ्या वापरून दोनाने भागणारे मंडल उभे केले आणि 1932 साली ते प्रसिद्ध केले. दर दुसरा पल्सच पुढे जाऊ द्यायचा. अशा टप्प्यांची साखळी केली की मंद यांत्रिक गणकालाही वेगवान कण झेपतात. आजच्या प्रत्येक बायनरी काउंटरच्या आत हीच कल्पना आहे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या अनेक पिढ्यांची टायमरशी ओळख झाली ती 8085 या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर, इंटेलच्या 8253 या चिपमुळे. उलटे मोजणारे तीन 16 बिटी काउंटर आणि सहा मोड. आयबीएमच्या 1981 च्या पीसीतही हीच चिप होती: एक काउंटर सेकंदाला 18.2 वेळा इंटरप्ट देई, दुसरा मेमरी ताजी ठेवण्याचे काम बघे, तिसरा स्पीकर वाजवी.

8253 चा एक धडा आजही तितकाच उपयोगी आहे. काउंटर 16 बिटांचा, पण वाचायचा आठ-आठ बिटांनी. समजा त्यात 256 आहे. खालचा बाइट वाचला, 0 मिळाला. तेवढ्यात काउंटर 255 वर उतरला. मग वरचा बाइट वाचला, तोही 0. प्रोग्रॅमच्या हाती शून्य आले, आणि काउंटरमध्ये शून्य कधी नव्हतेच! म्हणून आधी लॅचची आज्ञा देऊन आकडा गोठवायचा आणि मग वाचायचा. अशी चूक हजारात एखाद्या वेळी होते, म्हणूनच ती सापडत नाही.

अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा 328पी मध्ये ही काळजी बरीचशी हार्डवेअरच घेते. इनपुट कॅप्चरच्या पिनवर पल्सची कड आली की टायमर 1 मधला आकडा त्याच क्षणी वेगळ्या रजिस्टरमध्ये उतरतो. इंटरप्टला पोचायला उशीर झाला तरी नोंद बदलत नाही. 65535 नंतर टायमर शून्यावर येतो, त्याचेही भय नको. आधीची नोंद 65000 आणि नंतरची 500 असेल, तर 16 बिटी वजाबाकी आपोआप 1036 देते. मात्र दोन नोंदींमध्ये टायमर पूर्ण फेरा मारून पुढे गेला असेल, तर ओव्हरफ्लो वेगळे मोजावेच लागतात. या टायमरमधला नॉइज कॅन्सलर सलग चार नमुने सारखे आले तरच कड मानतो, पण 16 मेगाहर्ट्झला चार नमुने म्हणजे जेमतेम पाव मायक्रोसेकंद. बटणाचे थरथरणे काही मिलिसेकंद चालते; त्यावर तो निरुपयोगी आहे.

राहता राहिला प्रश्न क्लॉकच्या खरेपणाचा. साडेबावीस लाख ठोके मोजले म्हणून उत्तर तितके अचूक ठरत नाही. उनोवरच्या या चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि अशा रेझोनेटरची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. तेव्हा पहिला प्रयोग आपल्याच बोर्डावर करावा. जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा पल्स कॅप्चरच्या पिनला द्यावा, टायमर प्रीस्केलरशिवाय, म्हणजे क्लॉक न भागता, चालवावा आणि दोन पल्समधले ठोके मोजावेत. क्लॉक बिनचूक असेल तर 1,60,00,000 यायला हवेत: 244 ओव्हरफ्लो आणि वर 9216. प्रत्यक्षात जो आकडा येईल तो खोलीच्या तापमानासकट वहीत लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक मोजमापाला त्याच आकड्याने भागायचे आहे.